इंटरनेटच्या मार्गांनाही हवी चाळणी

सियालदह (कोलकाता) : सियालदह स्थानकात रेलटेलच्या वाय-फायवरून तिकीट काढणाऱ्या प्रवाशाची माहिती कोणत्या मार्गाने जाईल, हे राउटर इतर जाळ्यांच्या घोषणांवर विसंबून ठरवतात. या विश्वासातच धोका आहे. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून ३० हजारांहून अधिक मार्गांची चुकीची घोषणा झाली. २००८ मध्ये पाकिस्तानातील अशाच घोषणेमुळे यूट्यूब जगभर सुमारे दोन तास विस्कळीत झाले होते. पुढच्या जाळ्यांनी आलेले मार्ग गाळून घेतले असते, तर चूक तिथेच थांबली असती. मार्गाच्या मालकीची डिजिटल पडताळणी आज उपलब्ध आहे. मात्र ती बहुतांशी ऐच्छिक आहे. सार्वजनिक सेवा पुरवणाऱ्या जाळ्यांसाठी तरी ती बंधनकारक व्हायला हवी.