टँकरचे पाणी शुद्ध, पण टाकीचे काय?

उन्हाळा लागला की नागपूरच्या कडेच्या, नळ न पोहोचलेल्या वस्त्यांत टँकरची वाट पाहणे सुरू होते. टँकर दिसताच गुंड, बादल्या, ड्रम घेऊन सारे धावतात. पाणी मिळाले यातच समाधान! टँकर शेवटचा कधी धुतला, हे कोणी विचारीत नाही.

मीही विचारीत नव्हतो. एका उन्हाळ्यात एकाच गल्लीतून काविळीचे चार रुग्ण माझ्याकडे आले. त्यांत एक आठव्या महिन्यातील गर्भवती होती. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते; परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ती झाल्यास शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. ही बाई सुदैवाने वाचली. मी गल्लीत जाऊन पाहिले, तर टँकरचा पाइप गटाराच्या पाण्यातून ओढला जात होता आणि तोच ड्रममध्ये सोडला जात होता.

पेंच आणि कन्हानचे पाणी शुद्धीकरण केंद्रात गाळून, क्लोरीन घालून पुढे जाते. त्यातील उरलेला क्लोरीन हाच वाटेवरचा पहारेकरी. टाकीच्या तळाशी गाळ असला की तो क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात तो आणखी लवकर संपतो. म्हणून आधी धुणे, मग औषध, हा क्रम चुकवू नये.

टाकी रिकामी करून भिंती व तळ ब्रशने घासावा, गाळ काढून टाकावा. नंतर पाणी भरून दर १००० लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर वापरावी; ५००० लिटरच्या टँकरला पाऊण किलो. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून थोडा वेळ ठेवावी आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओतावी. तेच पाणी नळातून, पाइपातून वास येईपर्यंत सोडून तोट्या बंद कराव्यात. रात्रभर ठेवून सकाळी सर्व पाणी सोडून द्यावे, ते पिऊ नये. मग स्वच्छ पाण्याने टाकी खंगाळावी. पावडरीत अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो. बंद टाकीत एकट्याने उतरू नये.

घरच्या गच्चीवरील टाकीलाही हेच लागू आहे. वर्षातून दोनदा तरी ती धुवावी आणि झाकण घट्ट ठेवावे. उघड्या टाकीत डेंग्यूचे डास अंडी घालतात.

माझे म्हणणे असे की, प्रत्येक टँकरवर धुतल्याची तारीख ठळक रंगवणे सक्तीचे करावे. पाइपाचे तोंड झाकलेले असावे आणि पाणी देण्यापूर्वी त्यातील क्लोरीन तपासावा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. तपासणीची पेटी लहानशी असते, काम दोन मिनिटांचे. विहिरींत क्लोरीन सोडण्यासाठी दोन मडक्यांची साधी पद्धत ज्या 'नीरी'ने दिली, ती संस्था याच शहरात आहे. अशा शहराला एवढे जड जाऊ नये.

तोवर घरात गर्भवती असेल, तर तिच्यासाठी पाणी उकळूनच ठेवा. आणि उद्या टँकर आला की गुंड पुढे करण्याआधी चालकाला विचारा, "दादा, टाकी कधी धुतली?" दहा घरांनी विचारले, तर अकराव्या दिवशी ती धुतली जाईल.