त्यांना वेगळं केंद्र कशाला?



मागच्या महिन्यात मंडळाच्या गणेशोत्सवाची बैठक झाली. हॉलचं भाडं, मोदकांची ऑर्डर, ढोलांच्या आवाजावरून शेजारी काय म्हणतील, हे सगळं झाल्यावर ‘आयत्या वेळचे विषय’ यात मी एक विषय मांडला. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाची आई मूळची घानाची. ती आणि आणखी काही आफ्रिकन-जर्मन पालक मुलांसाठी वाचनालय आणि अभ्यासवर्ग सुरू करू पाहताहेत. जागा नाही. आपण मराठी शाळेसाठी शनिवारचा अख्खा दिवस हॉल भाड्यानं घेतो आणि वापरतो दुपारनंतर. सकाळचे तीन तास त्यांना द्यावेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

उत्तर आलं, “त्यांना वेगळं केंद्र कशाला? अशानंच फूट पडते. सरळ जर्मनांत मिसळावं.” हे वाक्य मराठीतून, मराठी मंडळाच्या बैठकीत, मराठी शाळेच्या वेळापत्रकाखाली बसून उच्चारलं गेलं, आणि कुणाला हसू आलं नाही! मग कुणीतरी हळूच, “हॉलवाल्याच्या तक्रारी येतील हो.” विषय पुढच्या बैठकीवर गेला.

या शहरात आफ्रिकेला जागा नाही असं कोण म्हणेल? लिओ फ्रोबेनिउसनं आपली संस्था १९२५ साली म्युनिकहून इथं आणली. आफ्रिकेतल्या शैलचित्रांच्या नकला त्यांच्या संग्रहात आहेत. माइनच्या काठी वेल्टकुलटुरेन म्युझियम आहे. १९८० च्या पुस्तक मेळ्याचा मुख्य विषयच आफ्रिका होता. पाउल्सकिर्शमध्ये ग्रंथव्यवसायाचं शांतता पारितोषिक १९६८ मध्ये सेंघोर यांना मिळालं (बाहेर विद्यार्थ्यांची निदर्शनं चालू होती, तो वेगळा विषय), २००२ मध्ये चिनुआ अचेबे यांना, २०२१ मध्ये त्सित्सी दांगारेम्ब्गा यांना. त्या २०२१ च्या समारंभात महापौरांचं भाषण थांबवून नगरसेविका मिरियान मान यांना उठावं लागलं. ज्या मेळ्यात अतिउजव्या प्रकाशकाचा स्टॉल आहे तिथं कृष्णवर्णीय स्त्रिया सुरक्षित नाहीत, हे सांगायला. म्हणजे काचेच्या कपाटात जागा आहे, व्यासपीठावर जागा आहे. नाही ती दहा वर्षांच्या मुलाला दप्तर टाकून बसायला.

बर्लिनच्या वेडिंग भागात ‘ईच वन टीच वन’ नावाचं केंद्र आहे. संस्था २०१२ ची, वाचनालय २०१४ पासूनचं. व्हेरा हेयर या बाईंनी सत्तरच्या दशकापासून कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं जमवली होती, लोकांसाठी ग्रंथालय करायचं म्हणून. त्या १९९५ मध्ये गेल्या. त्यांचा संग्रह हा या वाचनालयाचा पाया. ते उभं कुठं राहिलं, तर ‘आफ्रिकन वस्तीत’, जिथले रस्ते कैसरच्या वसाहतींच्या नावाचे आहेत! मी दोनदा जाऊन आलो. पुस्तकं आहेतच, पण खरं काम पुस्तकांभोवती चालतं. मुलांचे गट आहेत, आणि शाळेत, घर शोधताना, नोकरीत भेदभाव झाला तर सल्ला द्यायला माणसं आहेत. ‘आफ्रोत्सेन्सुस’ ही देशभरची पाहणी याच केंद्रानं एका सहयोगी संस्थेबरोबर केली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केली. सुमारे ६ हजार लोकांची उत्तरं. नव्वद टक्क्यांहून अधिक जणांच्या केसांना कुणीतरी न विचारता हात लावलेला. अर्ध्याहून अधिकांना ‘ड्रग्ज विकता का?’ असं विचारलेलं. जर्मन जनगणना असे प्रश्न विचारत नाही. ते विचारायला त्यांची स्वतःची संस्था असावी लागली.

आपल्या गालुसमधली गोष्ट घ्या. १९ मे २०११ रोजी क्रिस्टी श्वुन्डेक ही नायजेरियात जन्मलेली बाई थोड्या पैशांसाठी जॉबसेंटरमध्ये गेली. वाद झाला, पोलीस बोलावले गेले, तिच्या हातातल्या चाकूनं एक पोलीस जखमी झाला आणि दुसऱ्या पोलिसाच्या गोळीनं ती मेली. स्वसंरक्षण मानून तपास बंद झाला. सोबत चल, अर्ज मी बोलतो, असं म्हणणारं कुणी त्या सकाळी तिच्याबरोबर असतं तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही. पण असं माणूस कुठं भेटतं? ते म्युझियममध्ये भेटत नाही.

आता फुटीचा मुद्दा. तो आपल्याला नवा वाटत असेल तर कोल्हापूर आठवावं. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. प्रत्यक्षात तिथं ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. मग १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांनी जातिभेद वाढेल, अशी टीका तेव्हाही झाली. टीका करणाऱ्यांची मुलं कुठं शिकत होती ते वेगळं सांगायला नको. ‘सगळ्यांची’ म्हणवणारी जागा आधी बसलेल्याची असते, हे ज्या महाराष्ट्रानं शतकापूर्वी ओळखलं, त्यातून आलेले आपण लोकांना मिसळायला सांगतो.

वर ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि दलित पँथर हे दोन दाखले आपण प्रत्येक भाषणात वापरतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना पुस्तक अर्पण केलं, याचा अभिमान फुकट आहे. हॉलच्या तीन तासांना मात्र भाडं पडतं. आणि आपलं मन किती साफ आहे म्हणता? २०१३ मध्ये गोव्यातल्या एका मंत्र्यानं नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं. पुढं त्यानं माफी मागितली, पण आमच्या जेवणाच्या टेबलांवर त्यापेक्षा सौम्य बोललं जातं असं नाही. सुनेचा रंग विचारताना आवाज खाली येतो, एवढीच सुधारणा.

काही जण म्हणतील, आपलं इथं बरं चाललंय, आपण कशाला पडायचं? २००० साली ग्रीन कार्डाच्या वेळी ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे भारतीयांऐवजी मुलं, ही घोषणा आपल्याचविरुद्ध होती. ऑगस्ट २००७ मध्ये म्युगेल्नला जमावानं आठ भारतीयांचा पाठलाग केला. त्यांना कुणी ब्लू कार्ड दाखवा म्हटलं नव्हतं.

एक अडचण मलाही वाटते, ती लपवत नाही. अशा केंद्रांचे काही कार्यक्रम फक्त कृष्णवर्णीयांसाठी असतात. मला दाराशी थांबवलं तर वाईट वाटेल. पण आपल्या मंगळागौरीला मी जात नाही, आणि त्यावरून फूट पडल्याचं ऐकिवात नाही.

विषय पुढच्या बैठकीत पुन्हा येतोय. मागणी तीच, शनिवारी सकाळी दहा ते एक, वर्षभरासाठी, शिवाय कोपऱ्यातलं एक कपाट पुस्तकांना. विमा आणि साफसफाईचं ते पालक बघतील, तसं त्यांनी मला सांगितलंय. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपलं मत चिटणिसांना आधी कळवावं. नाही म्हणायचं असेल तर कारणासह, आणि कृपया हळू आवाजात नको.