बाराचे घोडे कुठे अडते?

नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) आयुष्यभर आकड्यांत रमले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी नाव दिले 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या. १ आणि ८ मिळून ९. नऊ दुणे अठरा. झाली हर्षद!

पण हा गुण संख्येचा की आपल्या लिहिण्याच्या रीतीचा? आपण दहा-दहाचे गट करतो, बहुधा हातांना बोटे दहा म्हणून. आठ-आठचे केले तर? अठरा लाडवांत आठाचे दोन डबे भरतात, वर दोन लाडू उरतात. म्हणून लिहायचे '२२'. (वाचायचे मात्र 'दोन-दोन', बावीस म्हटले की घोटाळा!) बेरीज आली ४, आणि अठराला चाराने भाग जात नाही. लाडू तेवढेच, हर्ष तेवढा गेला.

बाराची तऱ्हा और. दोनाचे, तिनाचे, कितीचेही गट करा, बारा हर्षदच राहतात. पाचाच्या गटांत '२२', बेरीज ४. साताच्या गटांत '१५', बेरीज ६. घोडे अडते ते फक्त आठापाशी: '१४', बेरीज ५!

कुठेच न अडणाऱ्या संख्या चारच: १, २, ४ आणि ६. सहाचा पडताळा घरातल्या मुलांनी घ्यावा. दोनापासून सहापर्यंतचे गट तपासले की पुरे. त्यापुढे सहा हा एकटाच अंक उरतो, आणि सहाला सहाने भाग जातोच.