टेस्ट रिपोर्टवर सही आहे, पण अर्थिंग कोणी मोजली?



पावसाळा तोंडावर आला की आमच्या दिंद्रुड शिवारात एक वाद हमखास निघतो. मोटारीचं काम परमिटवाल्या वायरमनकडूनच करून घ्यावं का? शिकलेली पोरं म्हणतात, झिरो वायरमनला हात लावू देऊ नका. जुनी माणसं म्हणतात, आयटीआयवाल्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

नियम स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम, २०१० चे बघा नाहीतर आताचे २०२३ चे, सांगतात की वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली आणि परमिटवाल्या माणसाच्या हातून. कृषीपंपाच्या कनेक्शनला त्याच ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो कसा मिळतो हे मी सांगायला नको. बऱ्याच वेळा सही करणाऱ्याने बोअर कुठल्या गटात आहे तेही बघितलेलं नसतं. काम करतो झिरो वायरमन, सही दुसऱ्याची.

झिरो वायरमन हुशार असतो, यात वाद नाही. रात्री दोनला लाइट आली आणि मोटार नुसती गुरगुरायला लागली तर एक फेज गेलाय हे तो आवाजावरून सांगतो. पण मोटार चालली की नाही हे सगळ्यांना दिसतं, म्हणून त्या कामात तो तयार झाला. अर्थिंग बरोबर आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही. तिथे त्याची परीक्षाच झालेली नाही, आणि खरं सांगायचं तर परमिटवाल्याचीही होत नाही.

आता हिशोब बघा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडते. समजा अर्थिंग ५० ओहमची झाली. स्टार्टरच्या पेटीत फेजची वायर टेकली, तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपियरच करंट जमिनीत जाणार. पाच एचपीची मोटार चालताना सात-आठ अँपियर घेते. मग फ्यूज उडेल कशाला? तो उडत नाही, आणि पेटीवर करंट तसाच बसून राहतो. त्यात आपण फ्यूजला जाड तार गुंडाळलेली. अनवाणी ओल्या पायाने बटन दाबायला जाणारा माणूस मग कुणाच्या भरवशावर?

यावर उपाय ईएलसीबी. १०० मिलीअँपियरची असली तरी ती ०.१ अँपियर गळतीला तोडते, म्हणजे वरचे साडेचार अँपियर तिच्यासाठी फार झाले. घरात ३० मिलीअँपियरचीच पाहिजे. लोक म्हणतात, शेतात ती सारखी पडते. पडते कारण केबलचा जॉइंट पाणी धरतो. जॉइंट दुरुस्त करायचा सोडून आपण ईएलसीबीच बायपास करतो!

अपघात झाला की २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाची चौकशी लागते. मीटरच्या पुढचं वायरिंग आपलं. दोष तिथे निघाला तर भरपाईची लढाई जड जाते.

म्हणून पोरांनो, परमिट आहे का एवढंच विचारून थांबू नका. सही करणाऱ्याला अर्थ टेस्टर घेऊन शेतात बोलवा. उन्हाळ्यात, जमीन वाळलेली असताना. ओहमचा आकडा आणि तारीख आपल्यासमोर रिपोर्टवर लिहून घ्या. त्याला येण्या-जाण्याचे पैसे द्या, फुकट कुणी येणार नाही. आणि परवाना देणाऱ्यांना माझं म्हणणं आहे की अनुभवी झिरो वायरमनला नुसतं बेकायदेशीर म्हणून हाकलू नका. त्याची परीक्षा बांधावर घ्या, टेस्टर हातात देऊन. पास झाला तर परमिट द्या.

तुमच्या स्टार्टरजवळची अर्थिंग शेवटची कधी मोजली? कमेंटमध्ये आकडा टाका. नसेल मोजली तर तेही लिहा.