फेर

आई-बाबा आल्यापासून दर वीकांताला त्यांना कुठे न्यायचं हा एक प्रोजेक्टच झालाय. गोल्डन गेट झाला, आउटलेट मॉल झाला (बाबा तिथे बाकावर बसून पेंगले). परवा शनिवारी बायको म्हणाली, "सॅन होजेच्या जपानटाउनमध्ये ओबोन आहे, चला." जुलैतलं रणरणतं ऊन, पार्किंग पाच ब्लॉक लांब. मी कुरकुरतच निघालो.

ओबोन म्हणजे जपान्यांचा पितृपक्ष. फरक एवढाच की हे लोक पितरांसाठी नाचतात. बौद्ध मंदिरासमोरचा रस्ता बंद, किमोनोतल्या आज्या आणि टी-शर्टातली पोरं एकाच ओळीत, टोकाला जाऊन वळायचं नि परत यायचं. स्टेप्स येत नसल्या तरी चालतं, पुढच्याचे हात बघायचे. आई दोन मिनिटं बघत होती. मग म्हणाली, "अरे, हा तर भोंडला!" आणि माझ्या चार वर्षांच्या लेकीचं बोट धरून चक्क ओळीत शिरली.

मी आणि बाबा कणसाच्या रांगेत. कणसं भाजणारे आजोबा सत्तरीचे तरी असतील. शेजारी त्यांचा नातू पैसे घेत होता, धुराने डोळे चोळत. तेरियाकी चिकनच्या भट्टीवरही मंदिराचीच माणसं. बाबांनी विचारलं, "केटरर कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही."

हे मंदिर १९०२ साली स्थापन झालं, आताची इमारत १९३७ ची. त्यानंतर पाचच वर्षांत, फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्टच्या हुकुमाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबायची सोय झाली. सुमारे १,२०,००० माणसं, त्यातले दोन तृतीयांश चक्क अमेरिकन नागरिक. इथली बरीच कुटुंबं पार वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीत गेली. सरकारने माफी मागितली १९८८ साली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देऊन. घरं-दुकानं गेलेली माणसं परत आली आणि पुन्हा याच रस्त्यावर जमली. आज अमेरिकेत मोठी अशी तीनच जपानटाउन उरलीत, त्यातलं हे एक.

बाबांना हे सांगितलं तर कणीस हातातच राहिलं. "आणि तुमचं ते एच-वन?" एवढंच म्हणाले.

आता आपलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत पूर्वी बायका-पुरुष मिळून मोदक वळायचे. गेल्या वर्षी ठराव आला: केटररकडून मागवू, कुणाला वेळ आहे? हात वर करणाऱ्यांत मी पहिला. तिकीट काढलं, जेवलो, मराठी नटाचा कार्यक्रम बघितला, नऊला घरी. सगळं एफिशियंट. पोरं मागे आयपॅडवर होती. त्यांना करायला होतंच काय? मला वाटतं, आपण सण विकत घ्यायला लागलोय, आणि विकत घेतलेल्या गोष्टीसाठी कुणी छावणीतून परत येत नाही. कणसाच्या धुरात उभा राहिलेला तो नातू पन्नास वर्षांनी बहुतेक तिथेच भाजत असेल. माझी लेक कुठे असेल?

असो. रविवारी कमिटीला मेल टाकला: यंदा मोदक आपणच करू, २१ माणसं हवीत. आतापर्यंत दोन उत्तरं आलीत. एकात "नाइस आयडिया!", दुसऱ्यात "पिठी कुठली वापरणार?"

दुसरं आईला वाचून दाखवलं. ती इंडियन स्टोअरला जायला चप्पल घालून तयार आहे.