सामना सगळ्यांचा, सरासरी ज्याची त्याची

48.00.

हा आकडा आपल्या शहरातल्या एका माणसाच्या नावापुढे वीसहून जास्त वर्षं चिकटलेला आहे आणि तो कधीच निघणार नाही. इक्बाल सिद्दिकी. जन्म तेव्हाच्या औरंगाबादचा, महाराष्ट्राचा फास्ट बॉलर. डिसेंबर 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध टेस्ट खेळला. बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरची पहिली टेस्टही तीच. सिद्दिकीनं दोन्ही डावांत मिळून 48 रन्स दिल्या, विकेट काढली एक. भारताला जिंकायला फक्त पाच रन्स हव्या होत्या, तेव्हा चक्क त्याला ओपनिंगला पाठवलं आणि त्या पाचही रन्स त्यानंच काढल्या. पुढे टेस्ट मिळालीच नाही. 48 भागिले 1. झाली आयुष्यभराची सरासरी.

याच माणसानं फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये तीनशेच्या वर विकेट्स काढल्यात. पण टेस्टच्या रकान्यात मात्र 48.00.

आता सांगा, हा आकडा झाकायची सोय त्याला असायला हवी होती का? माझं उत्तर, नाही. देशाची कॅप घातली की हिशोब देशाचा. शिवाय त्याला ती कॅप मिळाली ती रणजीतल्या उघड्या आकड्यांच्या जोरावरच. मराठवाड्यातल्या पोराला मुंबईत कोण ओळखतं? त्याच्या विकेट्सच त्याची ओळख करून देतात. जसप्रीत बुमरानं डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नला 200 टेस्ट विकेट्स पूर्ण केल्या, तेव्हा त्याची सरासरी वीसच्या आत होती. आपण ती कौतुकानं एकमेकांना सांगितली. कौतुकाचा आकडा उघडा ठेवायचा आणि अडचणीचा झाकायचा, असं प्रोफेशनल खेळात चालत नाही.

पण तुमच्या-माझ्या क्रिकेटचं काय?

म्हणजे आमखास मैदानावरचं, गरवारे स्टेडियमवर कंपन्यांच्या टीम्स खेळतात ते, रविवारी पहाटे उठून, बायकोची बोलणी खाऊन खेळायचं क्रिकेट. पूर्वी याचा स्कोअर एका वहीत असायचा. वही कॅप्टनच्या डिकीत, आणि डिकीत हेल्मेटखाली दबून ती कधी हरवायची ते कळायचंही नाही. आता क्रिकहिरोजसारखी ॲप्स आहेत. बाउंड्रीवर बसून कुणीतरी बॉल बाय बॉल टिपतो आणि गल्लीतल्या बॉलरचीही इंटरनॅशनल खेळाडूसारखी कुंडली तयार होते. भारी वाटतं. आमच्या टीममधल्या पोरांनी तर आपापली प्रोफाइल घरी आईलासुद्धा दाखवली.

मग आमच्या टीममधल्या एकाचं काय झालं ते ऐका. क्वालिटी डिपार्टमेंटमधला मुलगा, मीडियम पेस टाकायचा. तीन मॅचेस, आठ ओव्हर्स, 71 रन्स, एक विकेट. सरासरी 71. कुणीतरी स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. इथपर्यंत ठीक होतं, टीममध्ये खेचाखेची चालतेच. पण सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “काय रे, रिजेक्शनचा आकडापण बॉलिंगसारखाच वाढवायचाय का?” सगळे हसले. तोही हसला. पुढच्या रविवारी कॅप्टनला म्हणाला, “मला बॉलिंग नको दादा, मी लाँग ऑनला थांबतो.” त्यानंतर सीझनभर त्यानं बॉल हातात घेतला नाही.

आता त्या 71 ची गंमत बघा. त्याच तीन मॅचेसमध्ये त्याच्या बॉलिंगवर दोन सोपे कॅच सुटले होते. ते घेतले असते तर 71 भागिले 3, म्हणजे 24 च्या आत! तोच बॉलर, तीच बॉलिंग. सरासरीला सुटलेला कॅच माहीत नसतो. खड्ड्यांचं पिच माहीत नसतं. स्लिपमध्ये अकाउंट्सचे काका उभे होते, हेही माहीत नसतं. शे-दोनशे मॅचेस खेळणाऱ्याच्या बाबतीत हे सगळं हळूहळू समसमान होतं. तीन मॅचेसवाल्याच्या बाबतीत नाही होत.

यावर आमच्या कॅप्टनचा मुद्दा तयार असतो. “लपवून कसं चालेल? मॅच काय त्या एकट्याची आहे का?” बरोबर आहे. त्यानं दिलेल्या 71 रन्स म्हणजे कुणीतरी मारलेल्या रन्स. समोरच्यानं पन्नास ठोकले असतील, तर ते कुणाला ठोकले हे पुसून कसं चालेल? म्हणून स्कोअरकार्ड उघडंच हवं. त्याच्यावर बावीस जणांचा हक्क आहे. पण सरासरी ही मॅचमध्ये घडत नाही, ती नंतर मशीन काढतं. सगळ्या मॅचेसची बेरीज, भागाकार आणि शेजारी फोटो. ही कुंडली त्या एकट्याची आहे.

हां, जिथे त्या आकड्यावर दुसऱ्याचं काही अवलंबून असतं, तिथे गोष्ट वेगळी. मॉलमधल्या बोलिंग ॲलीत आपण निव्वळ मजा म्हणून बॉल सोडतो, पण अमेरिकेत त्या खेळाच्या लीग्ज चालतात. तिथे सरासरीवरून हँडिकॅप ठरतो, म्हणजे कच्च्या खेळाडूला काही पॉइंट्स जादा मिळतात. सरासरी लपवली, तर मुद्दाम खराब खेळून जादा पॉइंट्स लाटणारा पकडायचा कसा? तसंच आपल्याकडे लीगचं ऑक्शन असेल, तर टीम घेणाऱ्याला आकडे दिसायलाच हवेत. पण दिसायचे ते त्याला. एचआरच्या मॅडमना आणि साहेबांना कशाला?

बघणाऱ्यांपैकी गरजू किती आणि नुसते डोकावणारे किती, याचं एक मस्त उदाहरण नॉर्वेत आहे. तिथे लोकांचं उत्पन्न आणि भरलेला कर सरकारी यादीत बघता येतो. 2014 पासून नियम बदलला. तुम्ही कुणाचं उत्पन्न बघितलं, तर त्याला तुमचं नाव कळतं. लगेच बघणाऱ्यांची संख्या धाडकन उतरली. यादी तीच, फक्त शेजाऱ्याला कळेल म्हटल्यावर उत्सुकता आटली.

मग सरळ एक बटण द्यावं, ज्याला सरासरी लपवायची त्यानं लपवावी? ऐकायला सोपं आहे, पण ऑफिसमध्ये ते चालणार नाही. वीस जणांचे आकडे दिसतायत आणि एकाचाच रकाना बंद आहे, म्हटल्यावर पोरं काय म्हणतील? “याचा तर शंभरच्या पुढे असणार!” पगाराची स्लिप उलटी ठेवणाऱ्याबद्दल आपण हेच म्हणतो. लपवायचा हक्क असा मागून घ्यावा लागला, की तो वापरणाराच उघडा पडतो.

म्हणून उलटं करा. विरंगुळ्याच्या क्रिकेटमध्ये सगळ्यांच्या सरासऱ्या मुळातच बंद ठेवा. ज्याला मिरवायचीय त्यानं खुशाल उघडावी. टॉप फाइव्हची यादी लावा, कप द्या, फोटो काढा. खालच्या पाचांची यादी मात्र कुणालाच नको.

पुढच्या सीझनचे फॉर्म्स भरायला घेतलेत. ही अट घालायला कॅप्टन तयार झालाय, पण ग्रुप ॲडमिन अजून कुरकुरतोय. त्याची स्वतःची सरासरी किती आहे, ते मला माहीत आहे.

इथे लिहिणार नाही.