दोन दीनार, अट एकही नाही

ख्रिस्ती माणसाच्या प्रेमसेवेवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. मंडळीतलेच काही म्हणतात की तारण विश्वासाने आहे, कर्माने नाही. शेजाऱ्यावरचे प्रेम चांगले खरे, पण दुय्यम. बाहेरचे म्हणतात की दवाखाना, शाळा, अनाथालय हे सारे धर्मांतराचे आमिष. हे दोघे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, तरी दोघांचे गृहीत एकच आहे: विश्वास निराळा आणि प्रेम निराळे. एकाला प्रेम ही विश्वासाची पुरवणी वाटते, दुसऱ्याला त्याचे साधन. हे गृहीतच मला मान्य नाही.

आतल्या आक्षेपकांचा आधार पौल आणि लूथर. पण पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेमातून कामाला लागणाऱ्या विश्वासालाच किंमत दिली आहे. कर्मांवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला लूथरने 1522 मध्ये कमी लेखले, हे खरे. मात्र 1520 मध्ये त्यानेच प्रतिपादन केले होते की विश्वासाने मोकळा झालेला माणूस प्रेमाने सर्वांचा सेवक होतो. आणि 1527 मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येना गावी हलले, त्यालाही निघून जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा तो हलला नाही. घरात पत्नी गरोदर, आणि त्याच घरात आजाऱ्यांची शुश्रूषा चालू. पुण्य जोडून तारण विकत घ्यावे असे त्याला मुळीच वाटत नव्हते. त्या कल्पनेविरुद्ध तर तो जन्मभर झगडला. तारण फुकट मिळाले आहे, म्हणून आता स्वतःची चिंता उरली नाही आणि शेजाऱ्याकडे पाहायला हात मोकळे झाले, हा त्याचा विचार. तेव्हा ‘विश्वास पुरे’ म्हणून आजाऱ्याच्या दारावरून पुढे जाणाऱ्याने निदान लूथरचे नाव घेऊ नये.

बाहेरचा आक्षेप जुना आहे, रोमन सम्राट जूलियनच्या काळाइतका. ख्रिस्ती लोक प्रीतिभोजने घालून भोळ्यांना ओढतात असे तो म्हणे. पण 362 च्या सुमारास एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात याच कट्टर विरोधकाला कबूल करावे लागले की हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. हे वर्तन कुठून आले, ते लूकच्या शुभवर्तमानातल्या शोमरोन्याच्या दाखल्यात दिसते. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. यहुद्यांनी पाखंडी ठरवलेल्या जमातीतला माणूस थांबला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परतीच्या वेळी देईन म्हणाला. जखमी कोणत्या धर्माचा, बरा झाल्यावर कोणता मानील, ही विचारणा दाखल्यात कुठेच नाही. देवाने पात्रता न पाहता प्रेम केले, यावरच ज्याचा विश्वास आहे, त्याला शेजाऱ्यावर अट घालून प्रेम करता येणार नाही. अट घातली की प्रेमाबरोबर तो विश्वासही गेला.

‘मग पंडिता रमाबाईंचे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो, आणि तो टाळू नये. 1889 मध्ये त्यांचे शारदासदन निघाले ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या आश्वासनावर. 1893 मध्ये ते आश्वासन मोडल्याचा आरोप झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची तक्रार निराधार नव्हती, असेच माझे मत. परंतु तेवढ्यावरून रमाबाईंचे केडगावचे मुक्तिसदन निकालात काढता येत नाही. दुष्काळात आई-वडील गमावलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि शेकडो उपाशी, निराधार मुली-बायका घेऊन आली. तिथे त्यांना शिक्षण मिळाले, छापखान्यासारखे काम मिळाले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. अंध आणि वृद्ध बायकाही सांभाळल्या गेल्या. संख्याच वाढवायची असती, तर समाजाने टाकलेल्या बायकांचा आजन्म भार कोणी कशाला घेतला असता? रमाबाईंनी आपला विश्वास लपवला नाही, हे खरे. विश्वास सांगणे आणि भाकरीच्या बदल्यात तो मागणे यात मात्र फरक आहे, आणि जिथे कुणा मिशनरीने ती रेघ ओलांडली असेल तिथे टीकाकाराचे म्हणणे आपण मान्य केलेच पाहिजे.

आपली खरी अडचण घरात आहे. गोव्यातल्या काही जुन्या कोनफ्राऱ्यांचे, म्हणजे चर्चमधल्या बंधुमंडळांचे, सदस्यत्व जातीने ठरत आले. महाराष्ट्रातही सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याआधीची जात विचारणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. प्रेम जर पुरवणी असेल, तर ही त्रुटी किरकोळ ठरते. प्रेम हाच विश्वासाचा देह असेल, तर हा विश्वासाचाच नकार आहे. म्हणून पाळकांना आणि धर्मगुरूंना माझी विनंती आहे: बाहेरच्या टीकाकारांना उत्तरे लिहिण्याआधी हा विषय व्यासपीठावरून नावानिशी मांडा, आणि जातीवर चालणारी प्रत्येक प्रथा आपल्या मंडळीत बंद करा.